कोपरावर तपासलेलं पाणी

टिण्!

औषधाचा चमचा वाटीच्या काठावरून घसरला, फरशीवर दोनदा उडाला आणि शिलाई यंत्राच्या पायाशी जाऊन गप्प पडला. एवढासा चमचा, पण सकाळपासून त्या घरात कुणी कुणाशी अक्षर बोललं नव्हतं, त्यामुळे घंटा वाजल्यासारखं झालं. सुनेच्या मांडीवरचं बाळ दचकलं. ओठांचा चंबू करून, रडावं की नाही असा थोडा वेळ विचार करून, ते पुन्हा झोपी गेलं.

यंत्रावर बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली नाही. वाकून चमचा उचलला, फडक्याने पुसला आणि हात लांब करून यंत्राच्या फळीवर, बरोब्बर तिच्या हाताला येईल असा ठेवला. ‘घे’ नाही की ‘सांभाळ’ नाही. मग पुन्हा पायाने यंत्र सुरू केलं. पांढरं मऊ कापड सुईखालून सरकू लागलं. बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा होता तो. त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या कापडाचा.

भांडणाचं मूळ जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेलं होतं. चर्चमधून आलेला अर्ज. रविवारी बाप्तिस्मा, अर्ज शुक्रवारी फादरांच्या हातात हवा, आणि आज गुरुवार. आईचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं तिने पहिल्याच दिवशी भरून टाकलं होतं. एकच ओळ कोरी होती: ‘बाळाला याआधी कुणी बाप्तिस्मा दिला आहे का? होय / नाही.’

“दोन अक्षरं लिहायची,” सासूबाई काल रात्री म्हणाल्या होत्या, “आणि तीन दिवस पेन हातात धरून बसली आहेस. ‘नाही’ लिहायला काय मुहूर्त लागतो? का तुला हा सोहळाच नकोय?”

ती काहीच बोलली नव्हती. तेच सासूबाईंना जास्त झोंबलं.

कारण त्या ओळीचं खरं उत्तर ‘होय’ होतं. आणि ते तिच्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. बाळ सातव्या महिन्यातच आलं. बाप नळजोडणीचं काम करणारा, त्याच्या पंजात पाण्याचा जाडजूड पाईपसुद्धा पेन्सिलीसारखा दिसायचा. त्याने काचेच्या पेटीत पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, “मूठभर आहे गं.” तेच नाव चिकटलं. थोरल्या लेकीला तो आधीपासूनच ‘चौकशी खिडकी’ म्हणत असे, कारण सहा वर्षांची ती पोरगी सकाळी डोळे उघडायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात करायची आणि कुणी उत्तर देईपर्यंत खिडकी काही बंद होत नसे. तर घरात आता एक खिडकी आणि एक मूठभर.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला काचपेटीवरचं यंत्र ओरडू लागलं. डॉक्टर आत धावले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. बाहेर येताना कुणी तिच्याकडे बघेना, यावरून ती काय ते समजली. तिची खाट बाळांच्या खोलीच्या काचेलगतच होती, पण तिला स्वतःला ताप, हातात सलाइनची नळी, उठायची सक्त मनाई. नवरा फादरांना आणायला गेला होता आणि फादर कुणाच्या तरी मयतासाठी तीन गावं पलीकडे. सासूबाई घरी खिडकीला सांभाळत होत्या. खाटेपाशी होत्या फक्त मावशी.

वॉर्डातल्या सगळ्याच आयांना मावशी म्हणतात, पण नुसतं ‘मावशी’ म्हटलं की ते यांच्यासाठीच असायचं. साठीला टेकलेल्या. निळा डगला, एका खिशात कात्री, दुसऱ्यात बॉलपेन, आणि तोंड असं की मोठे डॉक्टरसुद्धा फेरी संपेपर्यंत जरा बेतानेच बोलायचे. भेटीची वेळ संपायला अर्धा तास असतानाच त्या “चला, वेळ संपली, निघा!” म्हणून पाहुण्यांना हाकलायच्या आणि मग दमलेल्या बायकांच्या उशा पालथ्या करून, गार बाजू वर आणून म्हणायच्या, “झोपा आता. अर्धा तास माझ्याकडून.” ज्यांचं बाळ वाचलं नाही अशी बाई असली, की तिच्याशी मात्र एक शब्द बोलत नसत. नुसत्या तिच्या पायांना तेल लावत बसायच्या.

“मावशी,” तिने त्यांचा डगला धरला. “त्याला पाणी घाला. फादर वेळेत येणार नाहीत.”

“मी? अगं, मी कुठे तुमच्यातली?”

“चालतं. अशा वेळी कुणीही घातलं तरी चालतं. मनापासून घालायचं, आणि मी सांगते तेवढं म्हणायचं.”

मावशींनी एकदा काचेकडे पाहिलं. मग खिशातून बॉलपेन काढलं आणि डावा तळवा पुढे केला. खाटांचे नंबर त्या तळव्यावरच लिहायच्या. “सांग. सावकाश सांग. औषधाचं नाव दोनदा ऐकल्याशिवाय मी कुणाला देत नाही.”

तिने सांगितलं. बाळाचं नाव, आणि ते एक वाक्य. पण तापात माणसाचं बोलणं एका वाक्यावर थांबत नाही. लहानपणी शिकलेलं सगळंच तोंडाला येऊ लागलं. वाईटाला नाही म्हणायचं, देवाला हो म्हणायचं, लेकरू बोलू शकत नाही म्हणून मोठ्यांनी त्याच्या वतीने शब्द द्यायचा, मेणबत्ती देतात ती विझू द्यायची नाही. मावशी सगळं लिहून घेत होत्या. तळवा भरला तशा मनगटावर गेल्या.

मग त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. उकळलेलं पाणी वाटीत घेतलं आणि तशाच थांबल्या.

“काय झालं?” तिचा जीव टांगणीला लागला होता.

“गार आहे. एवढंसं लेकरू, दचकेल.” वाटी त्यांनी थर्मासमधल्या गरम पाण्यात धरली. थोड्या वेळाने डगल्याची बाही वर सारून एक थेंब कोपरावर टाकला. “अं हं, थोडं अजून.” यंत्र ओरडत होतं, ती रडत होती, आणि ती बाई कोपरावर पाणी तपासत होती! मग म्हणाल्या, “हां. आता झालं,” आणि आत गेल्या. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना तिला दिसले. वाटीतलं पाणी चमच्याने कपाळावर पडलं, एकदा, दोनदा, तीनदा.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. यंत्र ओरडतच राहिलं, डॉक्टर धावतच राहिले. पण तीन दिवसांनी मूठभरने दुधात बुडवलेला कापूस असा काही चोखला, की सिस्टर म्हणाली, “घ्या, हा आता हॉस्पिटल खाऊन जाणार.”

नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं, पण तेव्हा फक्त श्वास मोजले जात होते. घरी आली तर दारातच सासूबाई बाळाला छातीशी धरून म्हणाल्या, “मी देवाला शब्द दिला होता. हा वाचला तर बाप्तिस्म्याच्या कुंडावर याचं डोकं मी माझ्या हातांनी धरीन, आणि पाणी पडताना बघेन. त्याचे आजोबा असते तर त्यांनी धरलं असतं.” मग कसं सांगणार? बाप्तिस्मा एकदाच होतो. दुसऱ्यांदा पाणी नाही. तेव्हा सांगायचं राहिलं ते चार महिने राहूनच गेलं. आणि स्वतःच्या मनाला ती सांगत आली की हे मावशींसाठीच चाललंय. बाहेर कळलं तर बिचारीची नोकरी जाईल.

पण परवा चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या शिकवणीत फादर म्हणाले होते, “रविवारी मी विचारीन, सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या खोट्या डामडौलाचा त्याग करता का? तेव्हा ‘करतो’ हे पाठ केल्यासारखं म्हणू नका. आधी आपापल्या घरात बघून या.” सगळे हसले. ती मात्र हसली नाही. खोटा अर्ज देऊन, खोटं पाणी घालून घेऊन, वर ‘करते’ म्हणायचं? ते तिच्याच्याने होणार नव्हतं. आणि खरं बोलावं तर एका म्हातारीचा शब्द मोडायचा आणि दुसरीची भाकरी.

यंत्र थांबलं. सासूबाईंनी दातांनी धागा तोडला.

“वजन करायला जायचंय ना आज याचं?” त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. दिवसातलं पहिलं वाक्य.

“हो. निघतेच.”

“टोपी घाल त्याला. वारा आहे.”

खिडकी केव्हाच चपला घालून दारात उभी होती.

हॉस्पिटलातला, बाळांच्या खोलीकडे जाणारा तो बोळ तिला पाठ होता. एकही खिडकी नाही, भरदुपारी अंधार, आणि मध्येच एक पायरी. टाके पडलेल्या बायका भिंत चाचपडत बाळाला पाजायला जायच्या आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी त्या पायरीला अडखळायचं. दिव्याचं म्हणाल तर वर नुसतीच वायर लोंबत असायची.

आज बोळात लख्ख उजेड होता. मध्येच एक स्टूल, स्टुलावर मावशी, ओल्या फडक्याने दिव्याची काच पुसताहेत. आणि खाली स्टूल घट्ट धरून उभी होती ती हॉस्पिटलची धुलाईवाली. हे बघून ती जागच्या जागी थांबली. एका हरवलेल्या ब्लँकेटवरून या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे वॉर्डातल्या भिंतींनाही माहीत होतं. चादरी हव्या असल्या तर मावशी पेशंटच्या तोंडून निरोप पाठवायच्या.

“हलवू नकोस गं स्टूल!”

“मी कुठे हलवतेय? तुमचं वजन हलवतंय.”

“बघ, बघ! नऊ वर्षं बोलत नव्हती तेच बरं होतं.” मावशींचं लक्ष खाली गेलं. “अगं बाई! मूठभर की पायलीभर? दाखव, दाखव. गाल बघा याचे!” त्या भराभर उतरल्या आणि बाळाला असं उचललं, की जणू मधले चार महिने त्यांनीच कुणाला तरी उसनं दिलं होतं.

“मावशी, तुम्ही दिवा का पुसताय?” खिडकी उघडली.

“मग कोण पुसणार? तुझा बाप? तो नळवाला.”

“पण आधी तर दिवाच नव्हता. कुणी लावला?”

“मी लावून घेतला. भांडारवाल्याच्या दारात आठ दिवस स्टूल टाकून बसले. म्हणाला, मावशी, अर्ज करा. म्हटलं, अर्ज काय, मीच अर्ज आहे, वाच मला! नवव्या दिवशी स्वतः येऊन लावून गेला. आता माझं काम एवढंच, विझू द्यायचा नाही. धूळ बसली की उजेड कमी होतो.”

“कुणी सांगितलं विझू द्यायचा नाही म्हणून?”

“हिने.” मावशींनी हनुवटीने तिच्याकडे दाखवलं. “तुझ्या आईने.”

“मी?” ती म्हणाली.

“घ्या! तापात होतीस म्हणून सगळं विसरलीस?” मावशींनी डगल्याच्या खिशातून चौपदरी घडी काढली. तापाचा जुना तक्ता होता, मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं. “हात धुतला की जाणार, म्हणून त्याच दिवशी उतरवून घेतलं. लेकरू बोलू शकत नाही, त्याच्या वतीने मोठ्यांनी शब्द द्यायचा आणि ते मोठं होईपर्यंत पाळायचा. तूच म्हणालीस ना? आता पाणी मी घातलं, म्हणजे शब्दही माझाच की. दुसरं कोण होतं तिथे?”

तिने ‘अहो मावशी, ते तुमच्यासाठी नव्हतं, ते आम्हा आईबापांसाठी असतं,’ असं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चार महिने ती स्वतः काय पाळत होती? एक कोरी ओळ.

“मेणबत्ती तर मला कुणी दिली नाही,” मावशी हिशेब समजावल्यासारख्या सांगत होत्या, “मग विचार केला, न विझणारा दिवा म्हणजे कुठला? तर आपल्या नजरेसमोर हाच अंधार. ते एक झालं. देवाला हो म्हणायचं, ते मी सकाळी म्हणून टाकते, त्याला काय. पण वाईटाला नाही म्हणायचं, ते मला चार दिवस कळेना. मोठमोठी वाईटं काय माझ्या वाट्याला येत नाहीत. मग म्हटलं, आपल्या घरचं ओळखीचं वाईट घ्यावं. आणि गेले हिच्याकडे.”

“म्हणजे वाईट मी?” धुलाईवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“तू नाही गं बये, आपलं भांडण!”

“माझ्या तर हातातली बादलीच पडली,” धुलाईवाली तिला सांगू लागली. “या दारात येऊन म्हणतात, ‘ब्लँकेट मीच हरवलं असेल, चल, चहा पी.’ मी म्हटलं, बाईंना काहीतरी दुखणं झालंय, आता काही खरं नाही. आता रोज दुपारी माझ्यासोबत चादरींच्या घड्या घालतात. माझा खांदा धरलाय ना, म्हणून.”

“शिव्या पण सोडल्यात मी,” मावशी म्हणाल्या.

“कधी?”

“सकाळच्या सोडल्यात. सगळ्या एकदम कशा सुटतील?”

खिडकी खो खो हसली. आणि तिच्या लक्षात आलं की मावशींच्या डगल्याचं मधलं बटण एकाच धाग्यावर लोंबतंय. काज-बटणांच्या कामाने तिचा संसाराला हातभार होता. सुई-दोरा पर्समध्ये कायमचा. काही न बोलता ती पुढे झाली आणि उभ्या उभ्या ते बटण शिवू लागली. मान खाली असली की अवघड गोष्टी बोलता येतात.

“मावशी, एक सांगायचंय.” आणि अर्ज, सासूबाईंचा शब्द, चार महिन्यांचं मौन, सगळं तिने त्या बटणाच्या चार भोकांत ओवलं. “मी ‘होय’ लिहिलं तर तुमचं नाव चर्चच्या वहीत लागणार. उद्या इथे कुणाला कळलं, की आयेने परस्पर... तुम्हाला काढून टाकतील. मग मी काय करू?”

“हळू, सुई टोचशील. मला काढतील? कोण? मोठ्या सिस्टरला तर मी त्याच संध्याकाळी सांगितलं.”

तिचा हात थांबला. “काय म्हणाल्या त्या?”

“विचारलं, पाणी उकळलेलं होतं ना? म्हटलं, हो. म्हणाली, मग जा, सात नंबरला दूध दे.” मावशींनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग आवाज खाली आणून, पण सरळ तिच्याकडे बघत म्हणाल्या, “हे बघ पोरी, माझं नाव लिही, नको लिहू. पण तुझी भीती माझ्या खुंटीला टांगू नकोस. तू माझ्या नोकरीला भीत नव्हतीस. घरातल्या त्या बाईला भीत होतीस.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिला राग आला असता. इथे मात्र खरं ते खरं. तिने बटणाला दोन जादा वेढे दिले, गाठ मारली आणि धागा तोडला.

“वाईट आहे का गं सासू?”

“नाही हो. फार चांगल्या आहेत. म्हणूनच.”

“मग चांगल्या माणसाला खरं सांगायला काय होतं? सोपी वेळ मेली कधी येतच नाही. मी नऊ वर्षं ज्या दारात थुंकले तिथे गेले.”

घरी येईपर्यंत तिने मनाशी दहा सुरुवाती जुळवल्या आणि दारात पाय टाकताच दहाही विसरली. सासूबाई झग्याला शेवटची शिवण घालत होत्या. नवरा नुकताच आला होता आणि मोरीत हातपाय धूत होता. ती टेबलाशी गेली, बरणी उचलली, अर्ज काढला, उभ्या उभ्याच ‘होय’भोवती गोल केला आणि कागद सासूबाईंच्या समोर, यंत्राच्या फळीवर ठेवला.

सासूबाईंनी चष्मा नीट केला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

“कुणी?”

“वॉर्डातल्या मावशींनी. तिसऱ्या दिवशी दुपारी. मीच सांगितलं त्यांना.”

“ती आपल्यातली आहे?”

“नाही.”

मोरीतला पाण्याचा आवाज बंद झाला. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून दारात येऊन उभा राहिला आणि शहाण्या माणसासारखा तिथेच थांबला.

“चार महिने,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. “चार महिने तुझ्या नाकासमोर मी हा झगा शिवतेय, गळा मागून उघडा ठेवतेय, कुंडावर वाकवताना पाणी पाठीत जायला नको म्हणून. आणि तू बघत बसलीस. मी काय तुझी कुणी लागत नाही?”

“चुकलं, आई.” एवढंच. बाकी सगळ्या सबबी ती त्या बोळातल्या दिव्याखाली ठेवून आली होती.

सासूबाई झग्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. त्या आता ओरडतील, झगा बाजूला टाकतील, उठून आतल्या खोलीत जातील, असं तिला क्षणाक्षणाला वाटत होतं. आणि मग त्यांनी भलतंच विचारलं.

“गार होतं का गं?”

“काय?”

“पाणी. गार होतं का? एवढंसं होतं ते.”

“नाही, आई. कोमट केलं त्यांनी. गरम पाण्यात वाटी धरली. मी घाई करत होते, रडत होते, पण त्या थांबल्या. कोपरावर थेंब टाकून बघितला. दोनदा. मगच घातलं.”

सासूबाईंनी चष्मा काढला. काचा पुसल्या, पण पुसायचं होतं ते काचांवर नव्हतं.

“हा,” त्यांनी दारातल्या मुलाकडे बोट दाखवलं, “डिसेंबरात झाला. दगडी कुंडातलं बर्फासारखं पाणी डोक्यावर पडलं तसा काळानिळा होईतो रडला. सगळे म्हणाले, रडतोय ते शुभ आहे. मीच फक्त मनात म्हणत होते, कुणीतरी जरा कोमट केलं असतं तर काय बिघडलं असतं?” मग नाक ओढून म्हणाल्या, “आणि त्या बाईला ते सुचलं! मरणाच्या घाईत सुचलं!”

“म्हणूनच मला अजून गार पाणी सोसत नाही,” नवरा म्हणाला.

“तू गप्प बस. नळवाला म्हणे!” त्यांनी झगा उचलून तिच्या मांडीवर टाकला. “घे, काजं कर तीन. मला बारीक दिसत नाही. आणि ती बाई हॉस्पिटलात कुठे भेटेल ते सांग. उद्या मी स्वतः जाणार आहे बोलवायला.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या, आणि दोन तासांनी परत आल्या. चहा झाला, दिवा बघून झाला, धुलाईवालीची तक्रार ऐकून झाली. “फटकळ आहे बाई,” चपला काढत म्हणाल्या, आणि ती स्तुती आहे हे घरात सगळ्यांना कळलं.

फादरांनी अर्ज वाचला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, “झालेलंच आहे की. उत्तम झालंय. आता उरलेलं आपण करू.”

रविवारी तेल लागलं, झगा चढला. फादरांनी सगळ्यांना सांगितलं, की या बाळाला पाणी आधीच, हॉस्पिटलात, एका भल्या बाईने घातलेलं आहे. बाकांवरून कुजबुज फिरली. सासूबाईंनी बाळाला कुंडाशी धरलं होतं ते तसंच धरून ठेवलं आणि मान अशी ताठ केली, की कुजबुज जागच्या जागी विरली.

“सैतानाचा त्याग करता का?” फादरांनी विचारलं.

“करतो,” नवरा म्हणाला. “करते,” ती म्हणाली. शब्द तळव्यावर लिहिल्यासारखा समोर दिसला.

आणि अगदी शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, “करते!”

सगळ्या माना वळल्या. इस्त्री केलेल्या निळ्या डगल्यात मावशी उभ्या होत्या, ड्यूटीवरून थेट आलेल्या, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात तापाचा तक्ता. फादरांनी चष्म्यावरून बघितलं, मिशीत हसले आणि पुढचा प्रश्न जरा मोठ्याने विचारला, शेवटपर्यंत जाईल असा.

बाहेर आल्यावर बाळाची पेटलेली मेणबत्ती मावशींनी कुणाला घेऊच दिली नाही. वारा सुटला होता. पायऱ्यांवरून एका हाताचा आडोसा करून त्या एकेक पाऊल टाकत उतरत होत्या आणि सासूबाई शेजारून “सावकाश, सावकाश, डावीकडून येतोय वारा” करत दुसरा हात आडवा धरून चालल्या होत्या. दोघींच्या चार हातांमध्ये ती ज्योत वाकत होती, उभी राहत होती.

ती मूठभरला खांद्यावर घेऊन मागून येत होती. झग्याचं पाठीवरचं उघडं टोक तिने बोटांनी मिटून धरलं होतं. खिडकीने तिचा मोकळा हात ओढला.

“आई, मूठभरला मावशींनी पाणी घातलं ना?”

“हो.”

“आणि मला आपल्या फादरांनी. आणि तुला त्या म्हाताऱ्या फादरांनी, फोटोतल्या.”

“हो गं बाई. सगळं बरोबर.”

खिडकीची नजर पुढे, वाऱ्याला पाठ करून जिवापाड एक ज्योत सांभाळत चाललेल्या त्या निळ्या डगल्यावर होती.

“मग आई,” तिने विचारलं, “मावशींना कुणी घातलं?”